मिसरी भाजायची कुणी

दाताच्या डॉक्टरनं विचारलं, "बिडी ओढता? तंबाखू खाता?" मी नाही म्हणाले. मी खोटं बोलले नव्हते.

त्यानं माझा खालचा ओठ बोटानं बाहेर ओढला आणि एक छोटा आरसा समोर धरला. ओठाच्या आत पांढरा डाग होता, भाताची पेज वाळून चिकटावी तसा. दुखत नव्हता. मी तर दाढ दुखते म्हणून परभणीला आले होते.

"मग हे कशानं झालं? दात कशानं घासता?"

"मिसरीनं."

त्यानं आरसा खणकन ताटलीत टाकला. "अहो बाई, मिसरी म्हणजे काय साखर आहे का? तंबाखूच ना ती?"

बाकावर बसलेली माणसं हसली. त्यातला एक जण नुकताच बाहेर जाऊन पानाची पिचकारी मारून आला होता, तोही हसला. माझे कान तापले. पदर ओढून खाली बघत बसले. तेव्हा त्याला काही म्हणता आलं नाही, म्हणून आज वहीत लिहिते. तुझं तोंड बघ आधी.

पण खरंच मला कळलं नव्हतं. आमच्याकडं गडीमाणसं चुना लावून चोळतात तो तंबाखू, पेटवतात ती बिडी. मिसरी म्हणजे दात घासायचं. रोज संध्याकाळी आम्ही बाया विहारात वंदनेला बसायचो. पाचवं शील म्हणायचो, नशेपासून लांब राहीन म्हणून. आत जायच्या आधी दारातल्या चाफ्याखाली मिसरी थुंकायची, चूळ भरायची आणि हात जोडून बसायचं. शील म्हणून झालं की बाहेर येऊन पुन्हा डबी उघडायची. एवढ्या वर्षांत एकीच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय म्हणतोय आणि काय करतोय. भाषणं करणाऱ्या गड्यांच्याही आलं नाही. ते दारूवर बोलायचे.

डॉक्टर म्हणाला, असे सगळेच डाग कॅन्सर होत नाहीत, पण कुठला होईल ते सांगता येत नाही. तुमच्या हातात एकच आहे, मिसरी सोडणं. माझी धाकटी पोर तेव्हा पहिलीत होती. मी तिला एकटीला डोळ्यांसमोर आणलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यानं डागासाठी कॅप्सूल दिल्या आणि मिसरीवाचून जीव कासावीस होऊ नये म्हणून पांढऱ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एक, तीन आठवडे.

मी मिसरीला लागले ती सासरी. पहिल्या वेळी पोटुशी असताना हिरड्या ठणकायच्या. सासूबाईंनी, आम्ही आत्याबाई म्हणतो, स्वतःच्या बोटानं माझ्या हिरडीला मिसरी चोळली. "लाव माय, बरं वाटंल." बरं वाटलं. मग दिवसातून एकदा, मग चारदा, मग उठल्याबसल्या. आणि घरात भाजायचं काम माझ्याकडं आलं. भाकरी झाल्या की तापलेल्या तव्यावर तंबाखूचं पान टाकायचं, काळं होईपर्यंत परतायचं, हातानं चुरायचं, दोन डब्या भरायच्या. एक त्यांची, एक माझी. चवथी पास झाले तेव्हा गुरुजी म्हणाले होते पोरगी हुशार आहे. त्या हुशारीनं मी मिसरी कधी कच्ची ठेवली नाही की जाळली नाही.

सोडली तेव्हा तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला आलं. भाकरी थापताना चिरायची. पोरीच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला तर मी तिला मारलं. माझे मालक ओट्यावर बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "गोळ्या खाऊन कुणी सोडतं का? मनाचा निर्धार लागतो." तोंडातून धूर सोडत म्हणाले हे.

खुरपायला जायचो आम्ही चौघी, थोरली जाऊ, शेजारची काकू, काकूची सून आणि मी. त्यांना मी ओठ ओढून डाग दाखवला. काकूनं खुरपं टाकलं आणि आधी स्वतःच्याच तोंडात बोट घातलं. मातीचं बोट.

"मला काई लागंना झालंय. तू बघ गं."

मी बघितलं. तिला नव्हता. थोरल्या जावेला बारीक होता, गालाच्या आत. तिनं कमरेची डबी काढली आणि उसाच्या पाटात फेकली. दुपारी तिनंच ती पाटात उतरून शोधून आणली, ते वेगळं. पण दुसऱ्या दिवशी तिघीही म्हणाल्या, आमीबी सोडणार.

मग मी गोळ्या वाटल्या. आता लिहितानाही हसू येत नाही, रागच येतो माझा मला. पण आमच्यात परभणीहून आणलेली वस्तू एकटीनं खात नाहीत. बांधावर बसून मी खुरप्याच्या पात्यानं गोळी तोडायची आणि चौघींना अर्धी अर्धी द्यायची. भाकरीवर ठेचा वाढावा तशी. तीन आठवड्यांच्या गोळ्या तीन आठवडे कशा पुरणार? पुन्हा परभणीला गेले. डॉक्टरनं हिशोब विचारला, मी खरं ते सांगितलं.

"गोळ्या वाटल्या? पेढे होते का ते? कुणाला काय आजार आहे तुम्हाला माहीत आहे? एखादीला चक्कर येऊन विहिरीत पडली असती तर?"

त्याचं बरोबर होतं. म्हणून जास्त राग आला. त्यानं गोळ्या दिल्या, पण सांगितलं की त्या तिघींना घेऊन या, नाहीतर पुन्हा देणार नाही. त्या आठवड्यात बंद होता, एसटी निघाली नाही. पुढच्या आठवड्यात चौघी जिंतूरहून येणाऱ्या गाडीत बसून परभणीला गेलो. थोरल्या जावेला त्यानं सगळ्यात जास्त वेळ तपासलं. काकूच्या सुनेला दिवस गेलेत हे तिथंच कळलं, तिला गोळी बंद केली.  आणि मी तिला इतके दिवस अर्धी गोळी दिली होती.

सुनेनं मग बिनगोळीची सोडली. आम्ही ठरवून ठेवलं होतं. जिला तलप येईल तिनं ओळीतून हाक मारायची, "आली गं!" आणि बाकीच्यांनी बोलत ठेवायचं. पदराला भाजलेला ओवा बांधलेला असायचा, तो चघळायचा. काकू एवढ्यांदा "आली गं!" ओरडायची की पलीकडच्या रानातला गडी विचारायचा, "कोण आली?"

"तुझी माय आली!" काकू म्हणायची.

थोरली जाऊ मला म्हणायची, "माय, मला तर गोळीपेक्षा तुझा रागच लागू पडायलाय. तू बघितलंस की डबी आपोआप कमरेतच ऱ्हाती." मी कुणाला काही बोलत नसे, पण तोंडावर दिसत असणार.

रानात सोपं होतं. घरी अवघड होतं, कारण रोज सकाळी तवा माझ्याच पुढं असायचा. आत्याबाईंची मिसरी मीच भाजायची. पान काळं पडायला लागलं की तो वास नाकातून डोक्यात चढायचा, तोंडाला पाणी सुटायचं. एका सकाळी मी चुरून झाल्यावर बोट चाटलं. नुसतं चाटलं नाही, चोळलं. चांगलं सगळ्या हिरड्यांवर चोळलं आणि चुलीपुढं डोळे मिटून बसले. एवढं बरं वाटलं की रडू आलं.

रानात गेल्यावर सांगितलं. लपवायचं नाही असं ठरलं होतं.

काकू म्हणाली, "पर तू भाजायलीस कामून?"

"आत्याबाईची हाय."

"आत्याबाईला हात न्हाईत?"

हे मला कधी सुचलं नव्हतं. कसं सुचलं नाही, याचा विचार करत मी दिवसभर खुरपत राहिले आणि संध्याकाळपर्यंत माझं अंग रागानं तापलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्या, मी तवा उतरवून भिंतीला टेकवला. आत्याबाई पान घेऊन आल्या.

"आत्याबाई, आजपासून मी भाजणार न्हाई."

"मग कोण भाजील?"

"ज्याला लावायची त्यानं."

त्यांनी लेकाला हाक मारली. "बघ रे, तुझी बायको मला जवाब द्यायलीय. लय शिकली न्हवं का, चवथी!"

मालक आत आले. विद्यापीठाच्या नामांतरासाठी माझा नवरा आठ दिवस जेलात बसून आलेला माणूस. तो सुटून आला तेव्हा मी त्याला ओवाळलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. तो मला म्हणाला, "कामून तमाशा करायलीस? दोन मिनिटाचं काम हाय. मायचं मन मोडू नको. पहिल्यापासून तूच करायलीस ना?"

मी आयुष्यात पहिल्यांदा मालकांच्या तोंडाकडं बघून बोलले. "पहिल्यापासून जे चाललंय ते तसंच चालू द्या, हेच म्हणायलेत ना ते नामांतर अडवणारे लोक तुमाला? तवा तुमी जेलात गेलात. मला घरात भाजायला बसवायलात."

त्यांनी हात उचलला. मारला नाही. बाहेर जाऊन बिडी पेटवली. आत्याबाईंनी त्या दिवशी स्वतः मिसरी भाजली आणि जाळली. घरभर धूर झाला, पोरं खोकत बाहेर पळाली. मी उठले नाही.

दिवाळी झाल्यावर डॉक्टरनं पुन्हा तपासलं. डाग बराच विरला होता, कडेला थोडा राहिला होता. दर सहा महिन्यांनी दाखवत जा म्हणाला. थोरल्या जावेचा गेला. काकू मात्र चोरून लावते, हे आम्हा तिघींना माहीत आहे आणि ती ओव्याची शपथ घेते.

घरी आले तर आत्याबाई दारात मिसरी लावत बसल्या होत्या. बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हत्या. थुंकून म्हणाल्या, "काय म्हणला डॉक्टर? मला काई झालंय का इतक्या वर्षात?"

मला एवढा राग आला की मी त्यांच्यापुढं उकिडवी बसले. "चूळ भरा. दाखवा."

त्या गप दाखवतील असं वाटलं नव्हतं. दाखवलं. खालच्या ओठापासून गालापर्यंत पांढरं होतं आणि एका जागी लाल चिरलेलं, जखमेसारखं. किती दिवसांपासून म्हणून विचारलं. "तिखट लागतंय वरीसभर," म्हणाल्या. वर्षभर ही बाई कालवणातलं तिखट जास्त झालं म्हणून माझ्या नावानं बोटं मोडत होती. वर्षभर मी कालवण अळणी करत होते.

त्यांनी माझं मनगट धरलं. "पोराला सांगू नको."

मी हात सोडवून घेतला आणि मालक ओट्यावर होते तिथं जाऊन सांगितलं. ते बघायला आले नाहीत, खाली मान घालून बसून राहिले. आत्याबाई आतून मला शिव्या देत होत्या, तोंडाला येतील तेवढ्या. सोमवारच्या पहिल्या गाडीनं मी त्यांना परभणीला नेलं. पूर्ण रस्ता त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. मीही त्यांची समजूत काढली नाही.