हुसैनमियाँचा पांढरा कोट

ऑगस्टीन डिमेलो यांनी १९८४ साली मुंबईत अंपायरिंगची परीक्षा दिली आणि शंभरात एक्क्याण्णव मिळवले. उरलेले नऊ तपासणाऱ्याच्या चुकीने गेले, हे मस्कतमधल्या प्रत्येक वसईकराला ठाऊक होते. मस्कतच्या अझैबा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये क्रिकेटच्या नियमांचे पुस्तक ब्राउन पेपरचे कव्हर घालून बायबलशेजारी ठेवलेले असे. दोहोंपैकी कोणते जास्त उघडले जाते, हा विषय त्यांची बायको आल्बिना फादरांसमोर काढत नसे.

शुक्रवारच्या लीगमध्ये मात्र अंपायरचा एकुलता एक पांढरा कोट हुसैनमियाँच्या अंगावर असे. मियाँ रत्नागिरीकडचे, मस्कतमधल्याच मत्रहच्या सुकात, म्हणजे जुन्या बाजारात, कापडाचे दुकान. परीक्षा वगैरे काही नाही. तरी दोन्ही कप्तान त्यांचेच नाव घेत. मियाँ बोट इतके सावकाश वर करत की बाद झालेल्यालाच त्यांची दया येई. एक्क्याण्णव मार्कवाले ऑगस्टीन टेबलावर स्कोअर लिहीत.

"माणूस चांगला आहे," ते मियाँविषयी म्हणत. याहून वाईट त्यांना कुणाविषयी बोलता येत नसे.

९८च्या फायनलला, बौशर भागातल्या संघाविरुद्ध, शेवटच्या चेंडूवर वसईवाल्यांना बरोबरीसाठी एक धाव हवी होती. कप्तान शेरविन बॅट पुढे करून धावला, स्टंप उडाले आणि मियाँचे बोट सावकाश वर गेले. बौशरचा संघ जिंकला.

मग चहाच्या थर्मासभोवती कोर्ट बसले. शेरविनने बॅटचे टोक सगळ्यांना दाखवले. "क्रीजचा खडू आहे हा. पोचलो नाही, तर मी काय फळा पुसून आलो?"

"मियाँना हल्ली दिसत नाही," संघातला अ‍ॅश्ली म्हणाला.

"दिसतं रे. बौशरवाले शर्टपीस कुणाच्या दुकानातून घेतात, तेपण बघ ना," आणखी एकजण म्हणाला.

"ऑगस्टीन अंकल, प्रोटेस्ट तुम्हीच लिहा," शेरविन म्हणाला. "पुढच्या वर्षी कोटपण तुम्हीच घाला."

हे वाक्य ऐकायला ऑगस्टीन नऊ वर्षे टेबलाशी बसले होते. त्यांनी पेनाचे टोपण काढले.

तेवढ्यात मियाँच आले. त्यांनी बॅटचे टोक पाहिले. "क्रीजला लागली होती होय? मग चूक माझी, बाबांनो. आता वय झालं. कोट दुसऱ्या कुणाला द्या." आणि त्यांनी कोट स्कोअरबुकावर ठेवला.

मग अ‍ॅश्लीने, ज्याला मियाँ मघाशी आंधळे वाटत होते, त्यांना चहा ओतून दिला. "चूक कबूल करणारा अंपायर पहिल्यांदाच बघतोय," कुणीतरी म्हणाले.

ऑगस्टीनच्या अंपायरिंगमध्ये आजवर एकही चूक सापडली नव्हती. त्याबद्दल त्यांना कुणी चहा दिला नव्हता.

कोट समोर होता, कॉलरला इस्त्री. नुसते गप्प बसायचे होते.

"म्हणजे क्रीजला लागली की नॉट आउट," शेरविन समाधानाने म्हणाला. "हो ना, अंकल?"

"नाही," ऑगस्टीन म्हणाले. थांबणे त्यांना जमलेच नाही. "बॅट क्रीजच्या आत टेकावी लागते. क्रीजवर म्हणजे आउट. मी बरोबर समोर बसलो होतो. स्टंप उडाले तेव्हा बॅट क्रीजवर होती. निर्णय योग्य आहे."

शेरविनने बॅट खाली घेतली.

"बघा," अ‍ॅश्ली म्हणाला, "मियाँना चुकलो वाटतं, तेव्हासुद्धा ते बरोबर असतात." त्याने आणि शेरविनने मिळून कोट मियाँच्या अंगावर चढवला.

घरी आल्बिनाने विचारले, "मग पुढच्या वर्षी कोण?"

"हुसैनमियाँ," ऑगस्टीन बूट काढत म्हणाले. "माणूस चांगला आहे."