चारचाकी बोट

ज्या वर्षी दिल्लीतल्या आमच्या द्वारकेत नळाला पाणी येत नव्हतं, त्या वर्षी मी बोट विकत घेतली.

याचा सगळा दोष आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कारखानीस यांच्याकडे जातो. (बोट अप्रतिम आहे, त्याचं श्रेय माझं.) सोसायटी मराठी लोकांची, बहुतेक सगळे केंद्र सरकारच्या नोकरीतले. सर्व्हिसवाल्यांच्या त्या कळपात मी एकटाच दुकानदार. सोलापूरहून चादरींचं एक गाठोडं घेऊन दिल्लीत उतरलो, सरोजिनी नगरच्या फुटपाथवर ओरडून घसा बसवला, मग दुकान केलं आणि मग हा फ्लॅट. कारखानीस अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. फाइली सुटल्या, पण शेरा मारायची सवय सुटली नव्हती.

बिल्डिंगखालच्या छपराच्या पार्किंगसाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा जिन्याशेजारची सगळ्यात चांगली जागा मला लागली. माझी चिठ्ठी, माझं नशीब! आठवड्याभरात नोटीस लागली : छपराखालची जागा फक्त चारचाकीला मिळेल. दुचाकी भिंतीकडेला, उन्हात.

मी तडक वर गेलो. "साहेब, हा नियम चिठ्ठी टाकायच्या आधी का नाही सुचला?"

"हिंगमिरे, देश बदलतोय," कारखानीस चहा ढवळत म्हणाले. "लोक मोटारी घेतायत. तुम्ही अजून स्कूटरवरून चादरी वाहताय. चारचाकी आणा, जागा घ्या."

तो काळच तसा होता. आयुष्यभर ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये उभ्यानं डुलक्या काढलेले लोक कर्ज काढून छोट्या मोटारी बुक करत होते. मला कर्ज काढायचं नव्हतं. मला कारखानिसांच्या नाकावर टिच्चून चारचाकी आणायची होती, तीही स्वस्तात.

चाणक्यपुरीत एका वकिलातीच्या जुन्या सामानाचा लिलाव आहे, असं बाजारात कळलं. त्यात तीन मोटारी होत्या. तिन्ही करोल बागेतल्या एका दलालानं माझ्या डोळ्यांदेखत उचलल्या. मी रागानं लाल झालो होतो. एवढ्यात मागच्या शेडमधून एक लांबुडकी, धुळीनं माखलेली, निळी वस्तू ढकलत आणली. जुनी जेट बोट. कोणा हौशी साहेबानं कधीतरी आणली आणि इथंच टाकून बदलीवर गेला. कोणी तिच्याकडं बघेना. माझं लक्ष मात्र खाली गेलं. बोट ज्या गाड्यावर ठेवली होती, त्याला चाकं होती. किती? चार!

मी एक आकडा बोललो. सगळे गप्प. मला वाटलं, आपण जास्त बोललो. म्हणून मी त्याहून कमी आकडा बोललो.

"सर," लिलाववाला म्हणाला, "नीलामी में दाम ऊपर जाता है."

"वर न्यायला दुसरं गिऱ्हाईक लागतं. कुठाय?"

त्यानं चौफेर पाहिलं. मी आणखी थोडा खाली आलो. तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच त्यानं घाईघाईनं हातोडा आपटला. लिलावात भाव पाडून माल घेणारा दिल्लीत माझ्याखेरीज दुसरा कोणी असेल, तर त्यानं येऊन भेटावं.

ट्रॅक्टरमागं बांधून बोट सोसायटीत आणली. फाटकापाशी टँकरची वाट बघत बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांत आमची सुनंदाही.

"अहो, मोटार आणायला गेला होतात ना?"

"चाकं मोज."

"चाकं मोजू? इथं अंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही बोट आणलीत?"

"पाणी आज ना उद्या येईल. जागा एकदा गेली की गेली!"

कारखानीस खाली आले. बोटीला दोन प्रदक्षिणा घातल्या. "हे काय आहे?"

"चारचाकी."

"हे भंगार आहे. वाहन म्हणजे स्वतःच्या ताकदीनं चालतं ते. दसऱ्यापर्यंत चालवून दाखवा, नाहीतर हे बाहेर आणि ती जागा सोसायटीची."

"आणि चालवून दाखवली तर?"

कारखानीस हसले. बादल्या घेतलेल्या बायकाही हसल्या. "तर जागा तुमची. कायमची. मिनिट्समध्ये लिहून देतो."

आता बोटीतलं मला काय कळत होतं? काहीही नाही. पण चादरीतलं तरी सुरुवातीला कुठं कळत होतं? मी बलबीरला बोलावलं. तो पालम भागात जनरेटर दुरुस्त करायचा. त्यानं झाकण उघडलं, आत आठ सिलिंडरचं इंजिन पाहिलं आणि हात जोडले. "अंकलजी, इंजन तो शेर है. सो रहा है बस." मग तो बोटीच्या मागं गेला, खाली वाकला आणि ओरडला, "पंखा किधर है?"

बोट म्हटली की पाणी कापायला मागं पंखा हवा, एवढं मलाही माहीत होतं. इथं नुसतं एक भोक होतं! माझं डोकं फिरलं. मी तसाच चाणक्यपुरीला गेलो आणि तिथल्या बाबूसमोर टेबलावर हात आपटला. "पंखा काढून घेऊन बोट विकता? परदेशी लोक म्हणवता आणि ही चोरी?" बाबूलाही बोटीतलं काही कळत नव्हतं. तो घाबरला, आत गेला, बाहेर आला. मला थोडे पैसे परत मिळाले, वर दोन लाइफ जॅकेट फुकट.

घरी परतलो, तर बलबीर बोटीखाली उताणा पडून हसत होता. "अंकलजी, इसमें पंखा होता ही नहीं! नीचे से पानी खींचती है, पीछे से फेंकती है. पूरी की पूरी पंप है!"

सुनंदा बाल्कनीतून ऐकत होती. "म्हणजे टुल्लू पंप?" (द्वारकेत त्या काळी प्रत्येक घरात नळाचं पाणी चोरून ओढणारा टुल्लू पंप होता आणि प्रत्येक घर तो नसल्याचं सांगायचं.) "अहो, तुम्ही टुल्लू पंपाला सीट लावून आणलीत!"

पंख्याचे पैसे मी परत केले नाहीत. तक्रार रीतसर ऐकून मंजूर झाली होती.

मग दोन महिने आम्ही त्या बोटीला भिडलो. माझी मुलगी पल्लवी शाळेतून आली की रंग घासायला बसायची. दिल्लीत वाढलेली पोर, मध्येच हात थांबवून विचारायची, "बाबा, सुकाणू मतलब?"

"स्टीअरिंग."

"तो स्टीअरिंग बोला ना! आणि नांगर बोटीवर का असतो? शेती करतात?"

पाण्याच्या टाक्यांना लावतात ते फायबरचं ठिगळ मी स्वतः तळाला लावलं. त्यात माझ्या शर्टाची एक बाही कायमची बसली आहे, पण तिथून आजतागायत थेंब आत आलेला नाही! सीटना सोलापुरी चादरीचं कापड चढवलं, मोराचं डिझाइन, अस्सल माल. निळा रंग असा चढला की येणारे-जाणारे त्यात बघून भांग पाडायचे. शेवटी बोट पुन्हा जोडली, तेव्हा एक लोखंडी झाकणासारखा भाग उरला. मागच्या भोकासमोर तो वरखाली व्हायचा.

"फालतू पुर्जा है जी," बलबीर म्हणाला. "पानी का रास्ता रोकता है."

माझ्या पैशाच्या पाण्याचा रस्ता कोणी का रोखावा? झाकण घरी माळ्यावर गेलं.

आता प्रश्न राहिला चालवायची कुठं. उत्तर सोसायटीच्या आवारातच होतं. दुसऱ्या बिल्डिंगच्या पायासाठी मोठा खड्डा खणून कंत्राटदार भांडून निघून गेला होता. पावसाळ्यात तो तुडुंब भरला. प्यायला टँकर, पण डासांसाठी तलाव! खड्ड्याच्या एका बाजूनं मातीचा उतार वर यायचा, तो थेट आमच्या पार्किंगसमोर.

दसऱ्याच्या सकाळी अख्खी सोसायटी खड्ड्याच्या काठावर जमली. आठदहा जणांनी दोर धरून बोट उतारावरून पाण्यात सोडली. बोट तरंगली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (ते मी शेजाऱ्यांना डास गेल्याचं सांगितलं.)

दसऱ्याला वाहनाची पूजा हवीच. सुनंदानं काठावरून वाकून बोटीला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "अहो, लिंबू कुठं ठेवायचं? चाकाखाली ठेवतात."

"चाकं वर राहिली. टाक पाण्यात."

लिंबू पाण्यात पडलं. नारळ फुटला. मग झेंडूचा हार निघाला. ट्रकलाही पुरून उरेल एवढा लांब, कारण मी तो बाजार उठताना घासाघीस करून उचलला होता. पुढून बांधत बांधत तो पार मागं आला आणि उरलेला सगळा पाण्यात लोंबत राहिला. "छान दिसतंय," सगळे म्हणाले. दिसत होतंच.

कारखानीस उताराच्या तोंडाशी उभे होते. पांढरीशुभ्र सफारी, हातात मिनिट्सची वही. "हिंगमिरे, दर जानेवारीला आपण पानिपताच्या स्मारकाला, काला अंबला जातोच. इथं दुसरं पानिपत करू नका म्हणजे झालं."

मी लाइफ जॅकेट घालून मोरावर बसलो आणि किल्ली फिरवली.

वाघानं डरकाळी फोडावी तसं इंजिन सुरू झालं आणि त्याच क्षणी बोट निघालीसुद्धा! मी गिअर टाकला नव्हता, काही दाबलं नव्हतं. ते माळ्यावरचं झाकण म्हणजेच बोट जागेवर थांबवायची आणि मागं घ्यायची एकमेव सोय होती, हे ज्ञान मला त्या घटकेला झालं. लोंबणारा हार सर्रकन खाली ओढला गेला आणि मागच्या भोकातून पाण्याच्या फवाऱ्यासकट बाहेर पडला. काठावर झेंडूचा पाऊस! म्हातारी माणसं हात जोडू लागली.

"वा, वा!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात त्याच भोकातून लिंबू सुटलं आणि टाळ्या वाजवणाऱ्याला लागलं.

मी वळलो. मोठ्या दिमाखात वळलो. काठ समोर आला, पुन्हा वळलो. खड्डा फारच लहान होता हो! तिसऱ्या वळणाला मी घाबरून पेडलवरचा पाय उचलला आणि स्टीअरिंग गरगर फिरवलं. बोट ढिम्म वळेना. पाण्याचा जोर कमी झाला की जेट बोट वळतच नाही, हे कोणी सांगितलं होतं?

"अहो, ब्रेक मारा!" सुनंदा ओरडली.

"ब्रेक नाहीये!"

"मग आणलीत कशाला?"

"अंकलजी, रेस दो! रेस!" बलबीर नाचत होता.

मी रेस दिली. सगळा पाय दिला. तेव्हा बोटीचं नाक नेमकं उताराकडं होतं आणि उताराच्या तोंडाशी कारखानीस होते. सफारीतला माणूस एवढ्या चपळाईनं उडी मारताना मी त्याआधी पाहिला नव्हता. बोट पाण्यातून सुटली, ओल्या चिकणमातीवरून साबणाच्या वडीसारखी वर सरकली, उतार संपला तरी थांबेना, दगडी फरशीवरून करकरत छपराखाली शिरली आणि जिन्याशेजारच्या माझ्या जागेत, दोन खांबांच्या बरोबर मध्ये येऊन थबकली. हाराच्या दोऱ्यानं पंप आवळला, इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

मला काय करावं सुचेना, म्हणून मी हॉर्न वाजवला.

कारखानीस आले. सफारी चिखलानं चॉकलेटी झाली होती, डोक्यावर झेंडू.

"स्वतःच्या ताकदीनं," मी बसल्या जागेवरून म्हणालो. "पाण्यातून थेट जागेवर. तुमची फियाट येते का अशी?"

त्यांनी बोटीला पुन्हा एक प्रदक्षिणा घातली. मग वही उघडून चिखलाच्या बोटांनी लिहू लागले. "हे वाहन आहे, हे सोसायटीला मान्य. आत बसलेला चालक आहे, हे मात्र मान्य नाही. जागा बोटीच्या नावे. कायमची."

मी तिथंच वाचून, तपासून सही घेतली. शब्दाला पक्का माणूस, एवढं कारखानिसांना द्यावं लागेल. तेवढंच. आधीची नोटीस मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर वर्षभरात धंदा वाढला आणि मी नवीकोरी मोटार घेतली. पेढे घेऊन वर गेलो. कारखानिसांनी पेढा खाल्ला आणि वही काढली. "एका फ्लॅटला छपराखाली एकच जागा, हिंगमिरे. तिथं बोट आहे. ती हलवून मोटार लावा, आमची हरकत नाही."

हलवू? ज्या जागेसाठी मी एवढी लढाई जिंकली, तिथून बोट हलवू? मी त्यांना चांगलं सुनावून खाली आलो.

आवारात दुसरी जागा नव्हती. बाहेरच्या रस्त्यावर लोकांच्या मोटारींची रांग, म्हणून माझी मोटार पुढच्या सेक्टरात, एका मोकळ्या प्लॉटवर उभी असते. आता मी रोज सकाळी छपराखाली जातो, बोटीवरची धूळ फडक्यानं पुसतो, मोरावरची ताडपत्री सारखी करतो, जाणाऱ्या-येणाऱ्यांना ती दाखवतो, आणि मग आपल्या मोटारीपर्यंत पोचायला रिक्षा करतो.