दादाचं बेणं

पुण्यातल्या प्रयोगशाळेतलं माझं काम चारचौघांत सांगण्यासारखं कधीच नव्हतं. अमिनो आम्लाची एक कडी जोडायची, धुवायची, मग पुढची जोडायची, आणि शेवटी कुपीच्या तळाशी पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी उरायचं. ते माझं पेप्टाइड. हाडांतल्या मगजाला रक्त तयार करायला सांगणारं संप्रेरक मूत्रपिंडात बनतं. ते मोठं, नाजूक प्रथिन, उन्हाळ्यात बाहेर राहिलं की वाया जाणारं. त्याच्याच जागी चपखल बसेल अशी छोटीशी साखळी मला हवी होती. सोबतचे एकेक करून परदेशी गेले. मी डबा एकटीच खायचे आणि एकटीला बरं वाटतं असं सगळ्यांना सांगायचे. ते खोटं होतं.

निरगुडसरला थोरला भाऊ शेती बघायचा. त्याची मूत्रपिंडं थकली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला नेमकं तेच संप्रेरक दर आठवड्याला टोचून घ्यायला सांगितलं. आता घरातलं एक तरी माणूस माझ्या कामाची चौकशी करील, हे माझ्या मनात आलं. असं मनात येऊ नये, पण आलं.

इंजेक्शनं गार ठेवायची होती, आणि लोडशेडिंगमुळे घरचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालं होतं. दादाने ती मंचरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, स्वतःच्या बटाट्याच्या बेण्याच्या गोण्यांमागे ठेवली. बेण्याला लागते तेवढीच थंडी औषधाला लागते, त्यामुळे मलाही ते पसंत पडलं.

मग त्याने विचारलंच, की तू तिथं करतेस तरी काय. मी म्हटलं, लागणीला अख्खा बटाटा कुठं लावतो आपण? डोळा असलेली फोड पुरते. तुझ्या इंजेक्शनाची तशी फोड मी शोधतेय. त्याला ते लगेच पटलं. प्रयोगशाळेत एवढं सोपं कुणालाच वाटत नव्हतं. पुढे मी गावी गेले की हातपाय धुवायच्या आत तो डोळा फुटला का म्हणून विचारायचा, आणि मी अजून नाही म्हणायचे. काचेच्या बशीत माझी साखळी छान काम करायची, रक्तात गेली की काही मिनिटांत तुटून जायची.

दादाचं रक्त मात्र वाढेना. बांध चढला तरी तो धापा टाकत खाली बसायचा. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी तेच. त्याच्या हाडांतला मगज औषधाला दाद देत नसावा, असं ते म्हणाले. मी हादरले. खरं संप्रेरक जिथं हरलं, तिथं माझ्या चिमूटभर कापसाची काय कथा!

दिवाळीनंतर लागण आली. त्याला धाप लागायची, म्हणून बेणं आणायला टेम्पोबरोबर मी गेले. गोण्या हलवल्या, तर मागे एक क्रेट भरून इंजेक्शनांच्या डब्या. न फोडलेल्या. मी तो क्रेट घरी आणून दादापुढे आदळला.

"हे काय आहे, दादा?"

"तुझं बेणं," तो शांतपणे म्हणाला. "चांगलं त्ये बेण्याला ठेवायचं, आपण खायचं न्हाई. तुला फोडी करायला लागंल ना."

आमच्याकडे घरोघर हेच चालतं. निवडक बटाटा बेण्याला जातो आणि किडका-कापलेला कालवणात. त्याने तोच हिशेब लावला होता. अधूनमधून एखादं टोचून घ्यायचा, बाकीची माझ्यासाठी राखायचा.

मी भयंकर चिडले. यातून काहीही कापून निघत नाही, मी सगळं पहिल्यापासून जोडते, हे तुझं औषध आहे, असं बरंच बोलले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. त्या दिवसापासून इंजेक्शन तिने आपल्या ताब्यात घेतलं, एकही चुकू दिलं नाही, आणि दादाचं रक्त हळूहळू चढलं. बटाटा काढायला तो स्वतः शेतात उभा होता.

त्याच सुमारास प्रयोगशाळेने माझा विषय बंद केला. कुणी वाद घातला नाही, मीही नाही. गावी जाऊन काढणी चालू असताना दादाला सांगितलं. आता हा डोळ्याचं विचारील, फोडीचं विचारील, म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती.

त्याने हातातला बटाटा गोणीत टाकला. मग म्हणाला, "आता तू तिथं एकटीच काय करशील गं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी तिथंच बांधावर बसले आणि रडले.