गडव्याच्या बदल्यात गेलेलं मेडल

माझ्या मॅचिंग सेंटरमध्ये कापून उरलेले तुकडे एका पिशवीत जातात. फेकवत नाहीत, आणि कशाला लागतील तेही सांगता येत नाही. आमच्या जुनी मेडलं जमवणाऱ्या मंडळींचे किस्से तसेच साठत गेलेत. एक ओढला की त्याला गुंतलेला दुसरा बाहेर येतो!

मंडळी म्हणजे तिघं आणि मी. नाना, रेल्वेतून रिटायर झालेले तिकीट चेकर. वानखडे सर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. आणि सलीमभाई, मलकापुरात मोडीचा धंदा. दर रविवारी दुपारी सलीमभाईंच्या गोदामात, जुन्या नळांच्या ढिगाशेजारी, आमची बैठक भरते.

* * *

मी यात पडले ती नानांमुळे. एकदा ते दुकानात आले आणि काउंटरवर बोटभर जुनी फीत ठेवली. लाल, निळी, पांढरी, पार विटलेली.

"वहिनी, या रंगाची भेटन काय?"

"भेटेल की. ब्लाऊज कोणत्या रंगाचा आहे?"

नाना गंभीरपणे म्हणाले, "ब्लाऊज नाही, बादशहा आहे!"

आणि खिशातून इंग्रजांच्या राजाचं मेडल काढून माझ्यासमोर ठेवलं. ती फीत मी शिवून दिली. मग मेडल उलटं केलं, आणि माझा हात थांबला. सिंह होता. दोन तोंडांच्या जनावरावर पाय देऊन उभा.

हा सिंह मी लहानपणापासून ऐकत आले होते.

* * *

ते आता सांगूनच टाकते. माझी आई पोटात असताना तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात गेले. परत आले नाहीत. त्यांच्याऐवजी पोस्टानं एक डबी आली. फोटो नाही, कपडा नाही. आई लहानपणी त्या मेडलशी खेळायची, कडेवरून अंगठा फिरवत बसायची. बाप म्हणजे तिला तो सिंहच. मग एका वर्षी घरात पाणी प्यायला धड भांडं नव्हतं, आणि दारावर भांडेवाला आला. आजीनं चांदीचं आहे म्हणून मेडल मोडीत दिलं आणि पितळेचा गडवा घेतला.

तो गडवा अजून आहे. मला भाऊ नाही, आई माझ्याकडेच असते. गडवा उशाशी लागतो. त्यातून पाणी पिताना कधीकधी म्हणते, "बाप देऊन पानी घेतलं माह्या मायनं."

आणि रविवारी मी गोदामातून घरी आले की ती दारातच विचारते, "सापडला काय वं?"

* * *

सापडणार कसं? तर मेडलच्या कडेवरून. तोंडावर राजा सगळ्यांचा सारखाच असतो. शिपायाचं नाव कडेवर, बारीक अक्षरांत ठोकलेलं. आमच्यात पहिली कड बघायची, मग राजा. कडेवर नाव नसेल तर नाना त्याला म्हणतात, "विदाउट!"

* * *

दुसरा नियम, मेडल घासायचं नाही. जुना रंग तसाच राहू द्यायचा.

हा नियम वानखडे सरांनी घरी सांगितला नव्हता. दिवाळीत त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, देवघरातल्या भांड्यांबरोबर सरांची पाच-सहा मेडलं राख आणि चिंच लावून घासून काढली. सर घरी आले तर सगळी उन्हात वाळत पडलेली, आरशासारखी लखलखीत!

"अवं, राजाचं नाक कुठी गेलं?" सर ओरडले.

काकू म्हणाल्या, "मले काय माहीत? घाणीत होतं, निघून गेलं!"

* * *

एकदा डोणगावचा एक शेतकरी आला. फडक्यात गुंडाळलेला मोठा तारा, मधे मीनाकारी, वर मुकुट. "आमच्या बाबांच्या छातीवर होता हा. कोन्या तरी संस्थानाच्या राजानं देल्ला असन."

सर तर उठून उभेच राहिले! असा तारा आम्ही फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. नानांनी भिंग लावलं, तारा उलटा केला आणि भिंग खाली ठेवलं.

मागे लिहिलं होतं, अमुक अमुक ब्रास बँड.

"तुमचे बाबा वरातीत वाजवत काय हो?" नानांनी हळूच विचारलं.

"हाव, क्लॅरिनेट. काऊन?"

नानांनी सांगितलं. आम्हाला वाटलं, बिचारा हिरमुसेल. त्यानं तारा परत फडक्यात बांधला आणि म्हणाला, "मंग बरोबरच हाये. नवरदेव कोनीबी असो, पुढं आमचे बाबाच राहत!"

* * *

हिवरा आश्रमच्या बाजूला एका लग्नात गेलो होतो. पंगतीत समोर एक म्हातारी बसलेली. नाना जेवायचं सोडून तिच्या गळ्याकडेच बघत राहिले. काळ्या दोऱ्यात ओवलेलं मेडल!

"मावशी, जरा कड दाखवता काय?" नाना पुढे वाकले.

म्हातारीनं पदर ओढला. "मेल्या, केस पांढरे झाले तुहे!"

तिचे नातू बाह्या सरसावून उठले. मी मधे पडले, नानांना मागे ढकललं आणि म्हाताऱ्या बाईशेजारी जाऊन बसले. तेव्हा तिनं मला दाखवलं. पाकिस्तानच्या लढाईतलं, कडेवर तिच्या मालकांचं नाव. ते जाऊन बरीच वर्षं झालेली.

"यायचं नाव तोंडानं घेता येत नाही ना बाई," ती म्हणाली, "म्हून गळ्यात घातलं."

नाना त्या दिवशी जेवलेच नाहीत.

* * *

आणि या उन्हाळ्यातली गोष्ट. सलीमभाईंनी रविवारी मला निरोप पाठवून लवकर बोलावलं. नळ-तोट्यांच्या पोत्यात एक मेडल निघालं होतं. सिंह, दोन तोंडांचं जनावर, सगळं तेच. सरांनी कड वाचली.

नाव दुसरंच होतं.

मग सलीमभाई म्हणाले, "ताई, अम्माले सांगून टाका, मिल गया. त्यायले कुठी वाचता येते?"

खरंच, आई कधी शाळेत गेली नाही.

नाना चिडले. "मी जिंदगीभर कोनाले दुसऱ्याच्या तिकिटावर जाऊ देल्लं नाही!"

"अरे नाना, बुढ्ढी औरत आहे. ती किती वाट पाहीन?"

शेवटी सर म्हणाले, निदान कसं असतं ते हातात घेऊन तरी बघू दे त्यांना. आपण काहीच सांगायचं नाही. हो नाही आणि नाही पण नाही.

आम्ही चौघं घरी आलो. मी ते आईच्या हातात ठेवलं. तिनं सिंहावरून बोट फिरवलं. जनावराची दोन्ही तोंडं चाचपली. मग मेडल उभं धरून कडेवरून अंगठा नेला, पूर्ण गोल. नाना भिंतीकडे बघत उभे होते. आई एवढंच म्हणाली, "बसा, च्या पेऊन जा." आणि मेडल पदराच्या गाठीत बांधलं.

तो आठवडा ते तिच्याजवळच होतं. एकदा पाहिलं तर गडव्याशेजारी ठेवून ती त्याच्याशी बोलत होती. मला बघून गप्प झाली.

पुढच्या रविवारी मी चपला घालत होते. तिनं मला थांबवलं, गाठ सोडली आणि मेडल माझ्या हातात दिलं.

"नानाले सांगजो, याच्या पोरीचा पत्ता काढा. थे बी वाट पाह्यत असन."

मी मेडल पिशवीत ठेवलं.

"जाय आता," आई म्हणाली. "अन् थो गडवा भरून दे मले."