मिनिटाला दोन फेरे जास्त

माझ्या दाजींच्या हातून दुरुस्त होऊन गेलेलं घड्याळ कधी चुकलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगायचं आहे त्यात त्यांची थोडी फजिती आहे, आणि ताई हे वाचणार आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की दाजींना पोट आत ओढून बसावं लागतं. गल्लीत त्यांना सेकंदकाटा म्हणतात. हे नाव आपण त्यांच्या पाठीमागे घेतो असं सगळ्यांना वाटतं, पण ते त्यांना पक्कं ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. कुणी सहज "सव्वापाच झाले असतील" म्हणालं की त्यांना राहवत नाही. डोळ्यावरचं भिंग न काढता ते "पाच सतरा" म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईला सांगितलं होतं, की अंडी उकडायला ती चाळीस सेकंद जास्त घेते. तेव्हापासून घरात अंडी दाजीच उकडतात.

या माणसाला एकच व्यसन, जॅझच्या रेकॉर्ड्स. दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिला एक खिडकी, तीन भिंतींना छतापर्यंत रेकॉर्ड्स आणि चौथ्या भिंतीला टेकून दाजींचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन. दर रविवारी दुपारी तिथे आम्ही चौघं जमतो. दाजी, कोपऱ्यावरचे बेकरीवाले, गणिताच्या निवृत्त बाई आणि मी. मी पुस्तकं बांधतो. या तिघांइतकं मला संगीतातलं कळत नाही, पण खुर्ची माझी आहे आणि ती मी सोडत नाही.

बेकरीवाल्यांकडे आणि बाईंकडेही घरी चांगली मशीनं आहेत. तरी जमायचं दाजींकडेच, कारण दाजींच्या मशीनमध्ये जो जोम आहे तो कुठेच नाही, यावर तीस वर्षं आमचं एकमत होतं. तीच रेकॉर्ड बाईंच्या घरी ऐकावी तर वाजवणारे जेवून उठल्यासारखे वाटायचे. इथे आली की सगळे ताजेतवाने! बेकरीवाले याचं श्रेय सुईला द्यायचे, बाई स्पीकरच्या तारांना. एकदा मी ते लाकडी पेटीला देऊन पंधरा मिनिटं बोललो होतो. ते भाषण आता कुणी काढलं नाही तर बरं.

तर एका रविवारी बेकरीवाले एक गुळगुळीत छापील पत्रक घेऊन आले. आमच्या लाडक्या सॅक्सोफोनवाल्याचा बॉक्स सेट निघत होता. जाडजूड खोका, आत बारा रेकॉर्ड्स, दीडशे पानांचं पुस्तक. त्याने आयुष्यात माइकसमोर जे जे वाजवलं ते सगळं. किंमत फ्रीजएवढी.

"चौघांत मिळून घेऊ," बेकरीवाले म्हणाले. "संपूर्ण म्हणजे अगदी संपूर्ण आहे. सुरुवात चुकली, थांबला, खोकला, पुन्हा सुरू केलं, काही म्हणून सोडलेलं नाही."

"खोकला ऐकायला एवढे पैसे?" बाई म्हणाल्या. "माझ्या शेजारचे आजोबा फुकट ऐकवतात."

"अहो, एकच धून सात वेळा वाजवलीय त्याने. त्यातली त्याने कुठली ठेवली, का ठेवली, हे कळायला नको?"

"तीस वर्षं वह्या तपासल्या मी. पोरांनी खोडलेलं कधी वाचलं नाही. त्याने जे टाकून दिलं, ते आपण उचलून सोन्याच्या भावाने का घ्यायचं?"

"मग त्याच्या एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती तुमच्या कपाटात कशा?"

बाईंनी चष्मा काढला आणि तो पुसण्यात त्या गढून गेल्या. ते पुस्तक शिवलेलं आहे की चिकटवलेलं, एवढंच मी विचारलं. नेहमीप्रमाणे कुणी उत्तर दिलं नाही.

दाजी मात्र पत्रकाच्या शेवटच्या पानावर अडकले होते. बारावी रेकॉर्ड त्यांची होती. म्हणजे तो एका छोट्या हॉलमधला कार्यक्रम होता, तेव्हा त्याच्या जेमतेम तीनशे प्रती निघाल्या होत्या, आणि त्यातली एक दाजींकडे होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी आपली सायकल देऊन ती मिळवली आणि वर्षभर ताईला पायी फिरवलं. आमच्यापैकी कुणी ती दुसरीकडे ऐकलेली नव्हती, ऐकण्याची सोयच नव्हती. आता ती कुणालाही मिळणार म्हणून दाजींना लागलं असेल, असं मला वाटलं.

पण तसं नव्हतं. त्यांनी एका ओळीवर नख ठेवलं. "दुसरी बाजू, तिसरी धून. तीन मिनिटं वीस सेकंद." मग खिशातून स्टॉपवॉच काढलं, आपली रेकॉर्ड लावली, आणि धून संपताच आम्हाला काटा दाखवला. तीन मिनिटं नऊ सेकंद.

"अकरा सेकंदांची चूक," दाजी म्हणाले. "यांनी संथ केलीय. सगळा सूरच खाली गेला असणार. असला खोका मी घरात येऊ देणार नाही."

त्यांचा आवाज चढला होता. बेकरीवाले आणि बाई एकमेकांकडे बघत राहिले. दाजी का चढले ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

त्यांच्या मुलीला, माझ्या भाचीला, लहानपणी सॅक्सोफोनचं वेड होतं. ती क्लासला जायची, पण शिकली खरी या मशीनसमोर. ही तिसरी धून तर तिने ऐकून ऐकून पाठ केली होती, श्वासासकट. तेरा वर्षांची असताना तिने ती क्लासमध्ये वाजवली. सर म्हणाले, छान आहे, पण तू अर्धा सूर वर वाजवतेस, आणि उगाच अवघड जागी बोटं टाकतेस. दाजी दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड काखेत मारून क्लासवर गेले. सगळ्या मुलांदेखत त्यांनी सरांना सुनावलं. "माझं मशीन मी स्वतः खोलून पुन्हा बांधलंय. वेळेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये." महिन्याभरात भाचीने क्लास सोडला, अभ्यास वाढला म्हणाली. पुढे वाजवणंही सुटलं. आता ती दुसऱ्या गावात दातांची डॉक्टर आहे. दाजी आजही सांगतात की त्या सरांनी पोरीचा हिरमोड केला. सर जाऊनही सहा वर्षं झाली.

म्हणजे पत्रकात छापलेली वेळ खरी असेल, तर सर खरे होते. दाजींना हे आकडा बघताक्षणी कळलं असणार. आकड्यांच्या बाबतीत ते कधीच मागे नव्हते.

"भांडता कशाला?" बाई म्हणाल्या. "मोजू या. मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे व्हायला हवेत. जास्त नाही, कमी नाही."

त्यांनी मशीनच्या फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला. दाजींनी ताठ मानेने स्टॉपवॉच धरलं. बाईंनी शाळेतल्या आवाजात मोजायला सुरुवात केली. तेहेतीस झाले, चौतीस झाले, पस्तीस झाले, वर आणखी थोडं झालं, तेव्हा कुठे मिनिट संपलं.

"पुन्हा," दाजी म्हणाले.

पुन्हा पस्तीस. तिसऱ्यांदाही पस्तीस. चौथ्या वेळी दाजींनी दुकानातून दुसरं स्टॉपवॉच आणलं. त्यानेही दाजींची बाजू घेतली नाही.

"दोन फेरे जास्त," बाई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे तो जोम..." बेकरीवाल्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. मी लाकडी पेटीकडे बघायचं टाळलं. तीन जाणकार माणसं तीस वर्षं एका पळणाऱ्या मशीनपुढे डोळे मिटून माना डोलावत बसली होती, आणि त्याबद्दल बारीकसारीक कारणं शोधत होती. एरवी आम्ही हसून लोळलो असतो. पण दाजींचा चेहरा बघून कुणाला हसू फुटेना.

बेकरीवाले उठले. "चला, साडेपाच झाले असतील." मशीनच्या वर भिंतीवर सात घड्याळं होती आणि सातही पाच बावीस दाखवत होती. दाजी काहीच बोलले नाहीत. तेव्हा मात्र मला खरी काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. मशीन उताणं पडलं होतं आणि दाजींनी चिमट्यात वाटाण्याएवढी पितळी पुली धरली होती. मोटरच्या टोकावरची, जिच्यावरून पट्टा फिरतो ती.

"मशीन जुनं घेतलं तेव्हा हिची मूळ पुली झिजली होती," ते म्हणाले. "नवी मीच कातली. जुनीचं माप घेऊन. तिच्यावर पट्ट्याचं रबर चिकटून बसलं होतं रे. मी ते पितळच समजलो आणि रबरासकट मापलं. नवी पुली अर्ध्या मिलीमीटरहून थोडी जास्त जाड झाली, म्हणून पळतं."

"होतं असं, दाजी."

"लोकांना होतं. मला होत नाही." मग म्हणाले, "त्या माणसाला मी पोरांसमोर काय काय बोललो."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. दोन्ही हात कामात असतात म्हणून ते नेहमी तसंच बोलतात. मी उठायला लागलो तर त्यांनी खुणेने बसवलं. एकट्याने बोलायचा धीर होत नसावा.

"बाबा? लवकर बोला, माणूस तोंड उघडून बसलाय."

"मशीन पळतं," दाजी म्हणाले. "मिनिटाला दोन फेरे. तिसरी धून अर्धा सूर वर जाते. तुझे सर बरोबर होते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तेव्हाच कळलं होतं. तुम्ही सरांना बोलून आलात ना, त्याच आठवड्यात. तुम्ही दुकानात होतात. मी धून लावली आणि थाळीच्या कडेला हळूच बोट टेकवलं. थोडं दाबलं की सरांचा सूर लागायचा, सोडलं की आपला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांसमोर एवढं छातीठोकपणे बोलून आला होतात. मी काय सांगणार? क्लासला गेले असते तर रोज सरांपुढे उभं राहावं लागलं असतं. मग सोडलाच."

दाजी पुली बोटांत फिरवत राहिले. माझ्याकडे बघेनात. तेवीस वर्षं ज्या माणसाला ते दोष देत आले तो कधीच दोषी नव्हता, आणि तेरा वर्षांच्या पोरीने बापाचा शब्द राखायला स्वतःची आवड गिळून टाकली होती. मला रडू आलं. मी नाक शिंकरल्यासारखं केलं, पण ते काही फारसं जमलं नाही.

"येत्या महिन्यात ये," दाजी शेवटी म्हणाले. "खोका घेतोय आम्ही. सॅक्सोफोन घेऊन ये."

खोका आला. बाईंनी आपला वाटा दिला आणि खोकल्याच्या बाजू आपण ऐकणार नाही असं जाहीर केलं. पुस्तक चिकटवलेलं निघालं. एवढी किंमत आणि चिकटवलेलं! यावर मला बरंच बोलायचं होतं, पण त्या रविवारी भाची आली होती.

दाजींनी नवी पुली कातून बसवली होती, या वेळी मूळ पुलीवरचं रबर खरवडून माप घेऊन. बारावी रेकॉर्ड लागली, दुसरी बाजू, तिसरी धून. बेकरीवाल्यांनी वेळ मोजली. तीन मिनिटं वीस सेकंद, बरोब्बर. धून जराशी जड झाली होती, विचार करून बोलणाऱ्या माणसासारखी. मला ती आवडली, पण त्या घरात तसं म्हणायची ती वेळ नव्हती.

मग पुन्हा लावली, आणि भाचीने सॅक्सोफोन तोंडाला लावला. पहिल्या चार सुरांतच सगळं विस्कटलं. तिची बोटं आपोआप जुन्या जागी, अर्धा सूर वर जात होती. तिने दोनदा प्रयत्न केला आणि हसत वाद्य खाली घेतलं. "नाही जमत. मला हे तुमच्याच सुरात येतं."

दाजी उठले. त्यांनी मशीन बंद केलं आणि डोळ्याला भिंग लावलं. घड्याळाच्या काचेच्या डबीत जपून ठेवलेली, त्यांनीच कातलेली आधीची पितळी पुली त्यांनी चिमट्याने उचलली, नवी काढली आणि चुकीची बसवली. चाळीस वर्षांत त्या माणसाने जाणूनबुजून वेळ बिघडवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. खोक्यातली रेकॉर्ड उचलून त्यांनी बाजूला ठेवली, स्वतःची जुनी काढून थाळीवर ठेवली, आणि तसंच वाकून, भिंग न काढता म्हणाले, "बाळा, तेव्हा चुकलं माझं."

"माहीत आहे, बाबा. लावा आता."

मशीन पळायला लागलं, मिनिटाला दोन फेरे जास्त. भाची बरोबर निघाली आणि शेवटपर्यंत कुठे अडली नाही. बेकरीवाल्यांचा हात सवयीने स्टॉपवॉचकडे गेला, तो दाजींनी धरून खाली ठेवला.