फ्लाइट मोडवरची दुपार

शिंप्याच्या दुकानातले शर्ट घरी आणून ती काजं करायची, म्हणून सगळी गल्ली तिला काजेवाली म्हणे. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बावीस वर्षं त्यानं लोकांची वरखाली जायची सोय केली, आणि आता स्वतःच्या दुसऱ्या मजल्यावर चढताना त्याला तीनदा टेकावं लागे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि चार वर्षं हॉस्पिटलच्या प्रतीक्षा यादीत नाव. यादी सांभाळणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, मूत्रपिंड मिळालं की फोन करू. अर्ध्या तासात उत्तर हवं. फोन बंद ठेवायचा नाही."

घरात फोन एकच. तो उशाशी घेऊन नवरा झोपे. झोपे कसला, नुसता पडून राही. फोन वाजला की ताडकन उठून बसायचा, आणि पलीकडून कुणीतरी विमा विकत असायचं. एका गुरुवारी सकाळपासून असे पाच फोन आले. पाचव्या फोननंतर त्याचा चेहरा पार उतरला.

दुकानातल्या कटिंग मास्टरनं तिला मागं एकदा दाखवलं होतं. "हे विमानाचं चित्र दाबायचं. फ्लाइट मोड. फोन चालू राहतो, गजरही होतो, पण बाहेरचा कॉल आत येत नाही. विमानात बसल्यावर दाबतात."

"आम्ही कशाला बसतोय विमानात!"

"अहो वहिनी, डोकं शांत हवं असलं की मी दुकानातही दाबतो."

दुपारी तो जेवून आडवा झाला, तशी तिनं हळूच ते चित्र दाबलं. पाऊण तास, जास्त नाही. चार वर्षांत आला नाही तो फोन आत्ताच थोडाच येतोय? थोड्या वेळानं तो घोरू लागला. त्या आवाजानं तिला इतकं बरं वाटलं, की काजं करता करता दोन तास कधी गेले ते कळलंच नाही.

चित्र पुन्हा दाबलं आणि मेसेज येऊन पडले. हॉस्पिटलचे चार मिस्ड कॉल. तिनं तसाच नंबर लावला.

"मावशी, होता कुठं तुम्ही?" बाई म्हणाल्या. "दुसरा म्हणून दिलेला तुमच्या दिराचा नंबरही लागेना. शेवटी पुढच्या पेशंटला बोलावलं. तो पोचलाय."

"आम्ही आत्ता निघतो, लगेच..."

"आता नाही हो उपयोग."

नवरा उठून बसला होता. नेटवर्क नव्हतं म्हणता आलं असतं. शब्द तोंडाशी आलेही, पण तिच्यानं बोलवेना. "मीच बंद केला होता," ती म्हणाली. "तुम्हाला झोप लागावी म्हणून."

त्यानं अंगावरची चादर घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "लागली खरी. छान लागली."

तो ओरडला असता, तर तिला सोसलं असतं.

पुन्हा तसा फोन आला नाही. वर्षभरात त्याचं हृदय कमजोर झालं, आणि ऑपरेशन झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी यादीतून नाव काढलं. बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. त्यानं मान हलवली. "मग सोमवारी नेहमीच्याच वेळेला यायचं ना?" एवढंच विचारलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एकदा तरी चिडा हो माझ्यावर."

"अगं, तेवढा दम कुठाय," तो म्हणाला आणि भिंतीला धरून बाकावर बसला. ती शेजारी उभी राहिली.