परबांचं पिस्तूल

परबांनी कधी कुणाला नाव विचारलं नाही. समोरच्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघायचे आणि त्याचं नाव स्वतःच ठेवून मोकळे व्हायचे. ठाण्याच्या डेपोत मी कॅशव्हॅनवर ड्रायव्हर म्हणून लागलो त्या पहिल्या दिवशी गाडी लावताना बिचकत होतो. पुढे-मागे, पुढे-मागे चाललं होतं. बाजूला एक काटकुळा म्हातारा कमरेला रिव्हॉल्व्हर लटकवून उभा. म्हणाला, "काय रे, गाडी लावतोयस की ब्लाऊज शिवतोयस?" झालं. तेव्हापासून मी शिलाई मशीन. माझ्या आईबापांनी ठेवलेलं नाव डेपोत फक्त पगाराच्या दिवशी निघायचं.

दत्ताराम परब. मूळचे कुडाळकडचे, राहायला कोपरला, आमच्या गाडीवरचे गार्ड. शहाड, विठ्ठलवाडी, उल्हासनगर ही आमची लाईन. एटीएममध्ये नोटांच्या पेट्या पोचवायच्या, आणि पेट्या भरणारा आत असेपर्यंत परबांनी दाराशी उभं राहायचं. केस काळेभोर रंगवणाऱ्या सुपरवायझरला त्यांनी बूटपॉलिश करून टाकला होता. चहावाल्याचं नाव अस्थी, कारण त्याच्या चहाच्या तळाशी कायम काहीतरी सापडायचं. आणि पेट्या भरणारा आमचा नितीन, विठ्ठलवाडीचा, तिशीतला सालस पोरगा, बोलताना अडखळायचा. त्याचं नाव कॅसेट. अडकलेली.

नितीनने "का-का-काका" म्हटलं की हे म्हणायचे, "अरे पेन्सिल घालून फिरव, रीळ तुटेल." तेवढ्यावर थांबले असते तर परब कसले? ते त्याची नक्कल करायचे. मान तशीच ताठ, डोळे तसेच मिटलेले, आणि तो शब्द तसाच दातांमागे अडकलेला. हसू दाबता यायचं नाही हो. मी हसायचो, बाकीचे गार्ड हसायचे, आणि नितीन खाली बघून पेट्यांची सीलं तपासत बसायचा.

असला माणूस आम्ही गाडीवर सहन का केला? कारण त्या जिभेने आम्हाला बऱ्याचदा वाचवलंय. विठ्ठलवाडीला एकदा चार-पाच टपोरी पोरं दाराशी येऊन चिकटली, मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागली. आत नितीन, मशीन उघडं. परबांनी रिव्हॉल्व्हरला हातसुद्धा लावला नाही. त्यांच्या म्होरक्याने केस पांढरे-पिवळे करून घेतले होते. त्याच्याकडे बघत परब म्हणाले, "बाळा, रात्री झाडाखाली झोपलेलास काय? कावळ्याने नेम बरोब्बर धरलाय." त्याचीच दोस्तमंडळी अशी फिदीफिदी हसायला लागली की म्होरक्या लाल होऊन निघाला, आणि त्याला चिडवत बाकीचे त्याच्या मागे.

पण कमरेच्या रिव्हॉल्व्हरवर त्यांचा जीव होता, हेही खरं. हत्यार कंपनीचं, पण वागणूक अशी की जणू लग्नात हुंड्यात मिळालंय. डेपोच्या अंगणात वाळू भरलेलं एक पिंप आहे. सकाळी त्यात नळी रोखूनच गोळ्या भरायच्या, हा नियम. परब चाक बाहेर काढायचे, गोळ्या बसवायचे, एक घर मात्र रिकामं ठेवायचे. "घोडो चुकून पडलो तर रिकाम्या घरात पडूंदे," म्हणायचे. "माणसानं सगळी घरां भरूची नसतंत." रागावले किंवा खुशीत आले की त्यांच्या तोंडी मालवणी यायची.

मग हेड ऑफिसला जाग आली. रिव्हॉल्व्हर जुनं झालं, आता सगळ्या गार्डांना पिस्तुलं. कुठल्याशा मैदानावर एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. मॅगझिन खालून बसवायचं, मग वरची स्लाइड चिमटीत धरून जोरात मागे ओढायची आणि सोडायची, की पहिली गोळी नळीत येते. ट्रेनिंगचं पिस्तूल शंभर जणांनी ओढून ढिलं झालेलं होतं. परबांनी दात-ओठ खात ते ओढलं आणि पास झाले. डेपोत आली ती कोरी करकरीत, स्प्रिंग कडक. आणि परबांच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे संधिवाताने लिंबाएवढे सुजलेले. रिव्हॉल्व्हरचा चाप दाबायला बोट पुरायचं, इथे मूठ लागत होती. ती त्यांच्याकडे उरलीच नव्हती.

पहिल्या दिवशी पिंपाजवळ त्यांची नुसती झटापट. मी आरशातून बघत होतो. मला इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवरून उठायची परवानगी नाही. मी एवढंच केलं, की गाडी जरा पुढे घेऊन आडवी लावली, म्हणजे बूटपॉलिशच्या खिडकीतून पिंप दिसू नये. बाकीचे गार्ड भरून आपापल्या गाड्यांकडे गेल्यावर परबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नितीनला हाक मारली, "ए कॅसेट, ओढ रे हे जरा."

आता नितीनने हत्याराला हात लावणं म्हणजे नोकरीवर पाणी. लायसन्सवर नाव गार्डचं, पेट्या भरणाऱ्याचं नाही. तो तसाच उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला, "नी-नीट मागा."

"नीट म्हणजे कसं?"

"मा-माझ्यासारखं."

मला वाटलं, परब आता ह्याची सालटी काढणार. पण त्यांनी एकदा आडव्या गाडीकडे पाहिलं, एकदा हातातल्या त्या काळ्या लोखंडाकडे, आणि मान ताठ करून म्हणाले, "नि-नि-नितीन, ओ-ओढ रे."

नितीनने ओढून दिलं. हसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. पुढे पुढे तर तो चुका काढायला लागला. "अ-असं नाही. माझा 'ओ' आधी अ-अडकतो, म-मग फुटतो. पु-पुन्हा." आणि परब, ज्यांच्यासमोर डेपोतला एकही माणूस मान वर करत नव्हता, ते शाळेतल्या पोरासारखे पुन्हा म्हणायचे. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली होती. महिनाभराने मी आरसा फिरवून ठेवला. गाडी मात्र रोज आडवी लावत राहिलो.

"काका, सोडा ना ही नोकरी," मी एकदा शहाडला चहा पिताना म्हटलं. "एवढं कशाला सोसताय?"

"पगार आसा तवसर चपाती गरम," ते म्हणाले. "पगार गेलो की मी पोटमाळ्यावरची ट्रंक." बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलाच्या घरात राहत होते. अख्ख्या जगाला नावं ठेवणाऱ्या या माणसाने सुनेला मात्र कधी नाव ठेवलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा माणूस घरी तोंड उघडतच नसणार. सगळं साठवून आमच्यावर ओतत होता.

एके दिवशी हेड ऑफिसचे साहेब न कळवता डेपोत हजर. सगळ्या गार्डांना पिंपाशी रांगेत उभं केलं. एकेकाने माझ्यासमोर पिस्तूल भरा, म्हणाले. जवान पोरांनी खटाखट भरली. परबांची पाळी आली. मॅगझिन बसलं. स्लाइडवरून हात घसरला. पुन्हा धरली, घसरली. तिसऱ्यांदा अर्धी मागे आली आणि सुटताना अंगठ्याजवळची कातडी घेऊन गेली. रक्त वाळूत ठिबकायला लागलं.

"मग रोज कसं भरता?" साहेबांनी विचारलं.

परबांनी अंगठा दाबून धरला. तेवढ्यात बूटपॉलिशने तोंड घातलं, "साहेब, यांची गाडी रोज इथे आडवी लागते. माझ्या खिडकीतून पिंप दिसतच नाही." साहेबांची नजर गाडीकडे, माझ्याकडे, आणि मग पेट्यांजवळ उभ्या असलेल्या नितीनकडे गेली.

"तू भरून देतोस यांना?"

नितीनने तोंड उघडलं. "म-म-म-" एवढंच. मानेच्या शिरा फुगल्या, डोळे मिटले, शब्द काही येईना. 'मी' म्हणणार होता की 'मला माहीत नाही', देव जाणे. एवढ्यात परब खो-खो हसले.

"हा? अहो साहेब, ह्याच्या तोंडातून शब्द सुटत नाही, ह्याच्या हातून स्लाइड काय सुटतेय! ह्याच्या हातात पिस्तूल द्या, चोर म्हातारा होऊन मरेल तरी हा आपला 'ह-ह-हात व-व-वर'..." आणि त्यांनी रक्ताळलेला हात वर करून सगळा देखावा करून दाखवला. आधी नितीन, मग वाट बघून बघून वाकलेला, काठी टेकणारा चोर, मग पुन्हा नितीन. असली नक्कल मी जन्मात पाहिली नाही. कुठे अडकायचं, कुठे फुटायचं, सगळं अगदी त्याने शिकवल्याबरहुकूम. रांगेतली पोरं पोट धरून हसली. साहेब चष्मा काढून डोळे पुसायला लागले. हसता हसता म्हणाले, "पुरे, पुरे. परब, तुमचं काम मात्र संपलं. आजच मोकळे व्हा." नितीनला त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

परबांनी पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि रुमालाने अंगठा बांधत गेटाबाहेर गेले. कुणी पोचवायला गेलं नाही. शहाडला जाताना मी नितीनला म्हटलं, "अरे, नोकरी वाचली तुझी."

"वा-वाचली?" तो म्हणाला. "त्या-त्यापेक्षा का-काकांनी माझं नाव सांगायचं होतं. आ-आता हे जन्मभर ऐ-ऐकायचं."

आणि तसंच झालं. ज्यांनी परबांना बघितलंही नाही ती नवी पोरंसुद्धा नितीन दिसला की दोन्ही हात वर करून उभी राहतात.

परबांना मी कोपरला जाऊन भेटायचो. इमारतीखाली वॉचमनच्या खुर्चीत बसलेले असायचे. सूनबाई चहा झाला की खाली पाठवायच्या, जेवायला हाक मारायच्या तेव्हाच वर. वॉचमनलाही त्यांनी अजून नाव ठेवलं नव्हतं, इतके गळाठले होते. एकदा मी विचारलंच, "काका, त्या दिवशी नितीनला वाचवायला बोललात ना तुम्ही?"

"वाचवूक कसला, मेल्या? तोंडात इला, बोललंय." मग डोळ्यांत जुनी चमक आणून म्हणाले, "पण सायब हसलो ना रे?"

गेल्या वर्षी ते गेले. जेवायची हाक आली तेव्हा खुर्चीतून उठलेच नाहीत. मी नितीनला कळवलं. स्मशानात तो आला, मागे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गार्ड पिंपाशी जमलेले असताना तो सरळ बूटपॉलिशसमोर जाऊन उभा राहिला. "सा-साहेब," म्हणाला, "प-परबकाकांचं पिस्तूल मी-मीच ओ-ओढून द्यायचो. रो-रोज." बराच वेळ लागला, पण एकही शब्द त्याने सोडला नाही. नोकरी जाईल हे माहीत असून म्हणाला. मला त्या क्षणी त्याचा केवढा अभिमान वाटला, सांगता येत नाही.

बूटपॉलिश त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मागून एका पोराने हळूच दोन्ही हात वर केले. सगळं अंगण हसायला लागलं, आणि मग बूटपॉलिशही.

"साहेब, तो खरं बोलतोय," मी गाडीतून ओरडलो. "मी बघितलंय."

"हो हो, आणि चोर मी होतो," बूटपॉलिश डोळे पुसत म्हणाला. "चल रे, पेट्या चढव. उशीर होतोय."

मग नितीनने पेट्या चढवल्या, आणि आम्ही विठ्ठलवाडीला निघालो.